देवघरातला शाळिग्राम

महोदय,

हिमालयात भूकंप झाला की ‘दोन प्लेट एकमेकींवर आदळल्या’ हे वाक्य बातमीत ठरलेलंच. (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड, सरकता तुकडा.) वाचणाऱ्याला वाटतं, घाटात दोन ट्रक धडकावेत तसं काल रात्री काहीतरी झालं. ही टक्कर सुरू होऊन सुमारे ५ कोटी वर्षं झाली आणि ती अजून थांबलेली नाही. भारताची प्लेट वर्षाला ४-५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखं वाढतात त्या वेगानं, उत्तरेकडे सरकते आहे. भारत आणि आशिया यांच्या मध्ये होता टेथिस समुद्र. त्याच्या तळाचा गाळ चेपला, दुमडला, वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीतही सागरी जिवांचे अवशेष आहेत.

इतक्या लांब कशाला, आमच्या देवघरात आजीचा शाळिग्राम आहे, नेपाळातल्या काळी गंडकीतून आलेला. काळाभोर, गुळगुळीत, मुठीत मावणारा. एका बाजूनं फुटलेला. आत गरगर वळत गेलेलं, बारीक रेघांचं चक्र. ते अ‍ॅमोनाइट नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री जिवाचं कवच. रोज सकाळी त्याला आंघोळ घालतो. समुद्रातून आलेल्याला तेवढं पाणी द्यायलाच हवं!

फक्त किल्लारीचा १९९३चा भूकंप या साच्यात बसवू नये. किल्लारी प्लेटच्या कडेपासून हजारेक किलोमीटर आत आहे. तिथे दोन प्लेट भेटतच नाहीत.

– एक वाचक, सातारा