माइक बदलू नकोस, बूड बदल

पुणे

प्रिय सुध्या,

तू पाठवलेली रेकॉर्डिंग्ज ऐकली, टेबलाचे फोटोही पाहिले. वाचन झकास झालंय. ते होणारच होतं, शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन कायम तुझ्याकडेच असायचं. पण पान उलटलं की ‘धप्’ ऐकू येतं, मधूनच ‘टण्ण’ असा बारीक नाद येतो आणि तुझा भरदार आवाज पोकळ लागतो. तुझा भाचा म्हणतोय माइक बदला. माझं ऐकशील तर माइकला हात लावू नकोस. तुझा पॉडमिक, रोड कंपनीचा, बोलण्यासाठीच बनवलेला डायनॅमिक माइक आहे, मुलांसाठी पुस्तकं वाचायला पुरून उरेल. दुखणं त्याच्या खाली आहे. थोडं स्टँडमध्ये आणि बरंचसं टेबलात.

आधी वजन बघ. पॉडमिक ९३७ ग्रॅमचा आहे. गणपतीच्या मांडवात सगळीकडे दिसतो तो शुअरचा एसएम ५८ फक्त २९८ ग्रॅमचा. म्हणजे तसे तीन माइक तू एका तिपाईवर चढवलेस, आणि ती तिपाई स्वतः जेमतेम पाव किलोची असेल. दुकानात स्टँड बघताना लोक रंग बघतात, उंची बघतात, घडी होते का बघतात. बूड किती जड आणि किती पसरट आहे, हे कोणी विचारत नाही.

तिपाईत आणखी एक गोम आहे. पाय १० सेंटिमीटर लांब, म्हणजे चहूकडून १० सेंटिमीटरचा आधार, असं आपण धरून चालतो. पण ती पायाच्या टोकावरून कलंडत नाही, दोन पायांची टोकं जोडणाऱ्या रेषेवरून कलंडते, आणि ती रेषा मध्यापासून बरोबर निम्म्यावर, ५ सेंटिमीटरवर असते. तुझ्या फोटोत माइक नेमका दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला झुकलाय! एक पैसा न खर्चता आजच्या आज करण्यासारखं काम म्हणजे तिपाई फिरव आणि एक पाय सरळ माइकच्या तोंडाखाली येऊ दे.

गोल थाळीचं बूड असलं की ही भानगडच नाही. १५ सेंटिमीटर व्यासाची थाळी कुठल्याही बाजूला साडेसात सेंटिमीटर आधार देते. ओतीव लोखंडाची दीड किलोची थाळी धर आणि माइक मध्यापासून १५ सेंटिमीटर पुढे काढ. माइक थाळीच्या कडेबाहेर साडेसात सेंटिमीटर येतो, म्हणून पाडणारा जोर ९३७ गुणिले ७.५, म्हणजे सुमारे ७,०००. धरून ठेवणारा १,५०० गुणिले ७.५, म्हणजे ११,२५०. उभा राहील. तोच माइक तुझ्या तिपाईवर तेवढाच पुढे काढलास तर तो त्या रेषेबाहेर १० सेंटिमीटर येतो, पाडणारा ९,३७० आणि धरणारा २५० गुणिले ५, म्हणजे १,२५०. हात सोडलास की आडवा.

आता उंची, कारण आवाज पोकळ लागतो तो हिच्यामुळे. खुर्चीत ताठ बसलं की आपलं तोंड टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर वर असतं. तुझा माइक आहे १५ सेंटिमीटरवर. मग एक तर तू वाकतोस, छाती दबते आणि आवाज बसतो. नाही तर ताठ बसतोस आणि माइक लांब पडतो. लांब पडला की काय होतं बघ. तोंड ३८ सेंटिमीटरवर, माइक १५ वर आणि आडवं अंतर २५ धर. तोंडातून थेट जाणारा आवाज ३४ सेंटिमीटर चालतो. टेबलावर आपटून जाणारा जवळजवळ ५९. म्हणजे तोच आवाज पाऊण मिलिसेकंद उशिरा, आणि फारसा क्षीणही न होता, पुन्हा माइकमध्ये शिरतो. दोन्ही मिसळले की ७०० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो, म्हणजे त्या पट्टीचा आवाज दबतो, मग २,१०० ला, मग ३,५०० ला. स्वरांचा आणि व्यंजनांचा सगळा कस याच पट्ट्यात असतो. माइक ३३ सेंटिमीटरवर आणून तोंडापासून १० वर ठेवलास, तर टेबलावरून येणारा आवाज थेट आवाजाच्या सातवा हिस्साच उरतो आणि खड्डे बुजल्यातच जमा. सॉफ्टवेअरमध्ये घासूनपुसून हे निघत नाही. टेबलाच्या या आगाऊपणावर बीबीसीने रेडिओ स्टुडिओत वेगळीच युक्ती केली होती, टेबलाचा वरचा भागच आवाज आरपार जाईल असा सच्छिद्र करायचा. आपल्याला तेवढ्या थराला जायची गरज नाही, उंची मिळाली की पुरे.

तू विचारलेला स्प्रिंगचा हात, टेबलाच्या काठाला शिकंजाने आवळतात तो, तुझ्यासाठी नको. चांगला हात वाईट नसतो. पण त्याच्या स्प्रिंगा ठरावीक वजनासाठी बेतलेल्या असतात. रोडचा पीएसए १ साधारण ७०० ग्रॅमपासून १,१०० ग्रॅमपर्यंतचा माइक धरतो. हलका लावला तर वर उसळतो, जड लावला तर मान टाकतो. स्वस्तातले हात तर भर वाक्यात हळूहळू खाली येतात, आणि स्प्रिंगला धक्का लागला की ती स्वतःच वाजते. शिवाय शिकंजा म्हणजे टेबलाची प्रत्येक धडधड माइकपर्यंत नेणारा सरळ रस्ता. तुझ्या टेबलाची कड सनमायका लावलेल्या प्लायची आहे, ती महिनाभरात फुटेल. व्हिडिओ करणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर टेबल मोकळं हवं असतं म्हणून ते हात वापरतात. तुला कोण बघतंय?

तेव्हा मी सुचवतो ते हार्डवेअरच्या आणि फरशीच्या दुकानात मिळेल. फरशीवाल्याकडून कडप्प्याचा १ फूट बाय १ फूट, २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा आण. किचनच्या ओट्याखाली कप्प्यांना लावतात तोच. त्याचं वजन पावणेपाच किलोच्या आसपास भरेल. प्लंबिंगच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा जीआय फ्लँज (जस्त चढवलेल्या लोखंडाची भोकांची चकती) आणि अर्ध्या इंचाची साधारण फूटभर निपल (दोन्ही टोकांना आटे असलेली नळी) घे, नेमकी लांबी शेवटी ठरवू. वर बसणारी एन्ड कॅप, म्हणजे टोपण, मी पाठवतो. फ्लँजची भोकं दगडावर आखून फरशीवाल्याकडूनच पाडून घे. मशीन ठोकणाऱ्या मोडवर न ठेवता, डायमंड बिटने, पाणी सोडत. नाहीतर कडप्पा कडेने टवके सोडतो. बोल्ट खालून वर घाल. त्यांची डोकी खाली राहिली तरी बिघडत नाही, कारण दगड रबरावर उभा राहणार आहे. फ्लँज अगदी मध्यावर नको, तुझ्याकडच्या काठाच्या जरा जवळ घे. दगड इतका जड आहे की माइक काठाबाहेर पाच सेंटिमीटर आला तरी तो जागचा हलणार नाही.

कॅपच्या मधोमध भोक पाडून त्यातून तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट आतून वर काढायचा आणि वरून नट आवळायचा. त्या बोल्टावर माइक बसेल. आता आट्यांचं नीट वाच, कारण सगळे गोंधळतात ते इथे. माइकच्या दुनियेत दोन मापं चालतात. पाच सुती, इंचाला २७ आटे. आणि तीन सुती, इंचाला १६ आटे. बहुतेक माइकांच्या तळाच्या भोकात खाच असलेली छोटी धातूची बुश असते. ती नाण्याने फिरवून काढली की भोक पाच सुती, ठेवली की तीन सुती. हार्डवेअरच्या दुकानातला पाच सुती बोल्ट इंचाला ११ आट्यांचा असतो, तो माइकला कधीच लागणार नाही. तीन सुती मात्र दुकानातलाही १६ आट्यांचाच, म्हणून तो चालतो. फक्त दुकानदाराने ‘एकच आहे हो’ म्हणत एम १०, म्हणजे १० मिलिमीटरचा बोल्ट, पुढे केला तर घेऊ नकोस. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, दिसायला जवळजवळ सारखाच, पण एक-दोन आटे जाऊन अडकतो आणि माइकचे आटे खातो. नट आवळल्यावरही माइक किंचित फिरत असेल तर मध्ये रबरी वॉशर टाक. निपलच्या आट्यांना टेफ्लॉन टेप.

तो ‘टण्ण’ नाद तुझ्या स्टँडच्या पातळ नळीचा आहे. जीआयची जाड नळी कमी वाजते, तरीही तिच्यात कोरडी वाळू भर आणि दोन्ही तोंडांना कापसाचा बोळा दे. वाळू कोरडीच हवी. तुमच्याकडे या दिवसांत उन्हाचा भरवसा नाही, कढईत भाजून घे. कढई कुठली घ्यायची ते वहिनींना विचारून.

आता दगडाखाली रबर. यात लोक हमखास चुकतात. दगडाएवढी रबराची अखंड चटई घालतात आणि म्हणतात फरक पडला नाही. पडणार कसा? एवढ्या क्षेत्रफळावर वजन पसरलं की रबर दबतच नाही, आणि न दबलेलं रबर धक्का अडवत नाही. साधा हिशेब असा की वजनाने रबर १ मिलिमीटर दबलं तर त्या रचनेचं स्वतःचं कंपन सुमारे १६ हर्ट्झ येतं, ०.१ मिलिमीटर दबलं तर ५०. (रबर हलताना जरा ताठ होतं, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे वर सरकतात.) या आकड्याच्या साधारण दीडपटीच्या वरच्या धडधडीच अडतात, खालच्या सरळ पार होतात. म्हणून जुन्या हवाई चपलेच्या तळाचे दोन-दोन सेंटिमीटरचे चार तुकडे काप आणि चार कोपऱ्यांत ठेव. सगळं वजन त्या चार ठिकाणी एकवटेल आणि रबर कामाला लागेल. आणखी लहान तुकडे मात्र नकोत, दगड डुलायला लागेल.

टेबलाबद्दल दोन गोष्टी. दगड टेबलाच्या मधोमध न ठेवता एखाद्या पायाजवळच्या कोपऱ्यात ठेव, मधला प्लाय सगळ्यात जास्त थरथरतो. आणि पुस्तक टेबलावर नको. तुझ्याकडे आजोबांची पोथी वाचायची लाकडी ठवणी असेल ना, ती शेजारच्या स्टुलावर ठेव आणि खाली चादरीची घडी घाल. लॅपटॉपही त्याच स्टुलाच्या पलीकडे, त्याचा पंखा टेबलात गुरगुरतो. माइक समोर न ठेवता डाव्या अंगाला, तोंडाच्या कोपऱ्याकडे तिरका धर. पुस्तक समोर मोकळं राहतं, आणि प, फ, भ म्हणताना सुटणारी हवा माइकच्या शेजारून निघून जाते.

केबल हवेत लोंबकळू देऊ नकोस. माइकजवळ एक सैल वळसा ठेव, मग नळीच्या बुडाशी बांध आणि तिथून पुढे ने. ताणलेली केबल माइक फिरवते आणि टेबलाचे धक्केही वर पोचवते. एवढं करूनही थोडी घरघर राहिली तर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झला हाय-पास फिल्टर लाव, तो त्याखालचा आवाज कापतो. आपल्या आवाजाची खालची पट्टीही बहुधा त्याच्या वरच असते, त्यामुळे तुझं काही कापलं जाणार नाही. पण हे शेवटी. आधी दगड.

पत्र्यावरच्या पावसाला मात्र कुठलाच स्टँड उपाय नाही. ऑक्टोबरपर्यंत सर ओसरायची वाट बघत वाचायचं, दुसरं काय.

मला दोन गोष्टी कळव. नेहमी वाचायला बसतोस तसा बस आणि वहिनींना टेबलापासून तुझ्या ओठांपर्यंतची उंची मोजायला सांग. त्यातून १२ सेंटिमीटर वजा करून निपलची लांबी धरू. दुसरं म्हणजे माइकच्या तळाचा एक स्पष्ट फोटो काढ, आत बुश आहे की नाही ते दिसेल असा. कॅपला भोक इथे आमच्या लेथवाल्याकडून मधोमध पाडून घेतो, तिकडे ड्रिलने ते हमखास तिरकं जाईल. कॅप, बोल्ट आणि वॉशर एसटीच्या पार्सलने धाडतो. दगड तेवढा तिथेच घे, पार्सलात दगड पाठवला तर लोक मला हसतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्या