टायगर मॉथचा पहिला नमुना

संपादक साहेब, नमस्कार,
वायुसेना दिनाची पुरवणी वाचली, फायटर जेट्सवर भरभरून लिहिलंय, पण ज्या विमानावर पोरं उडायला शिकली त्या टायगर मॉथला एक फोटो आणि अर्धी ओळ! ज्येष्ठ नागरिकावर अन्याय झाला राव.

त्याचा पहिला नमुना २६ ऑक्टोबर १९३१ला लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावर उडाला, डी हॅविलंड कंपनीचा. कंपनीच्या आधीच्या मॉथ विमानात घोळ असा होता की पुढच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसायचा, त्याच्या डोक्यावर पंखातली पेट्रोलची टाकी आणि आजूबाजूला पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच दांड्या, म्हणजे पॅराशूट बांधून बाहेर पडायचं झालं तर बिचारा अडकलाच. मग एकावर एक असलेल्या पंखांपैकी वरचा पुढे सरकवला, पण त्याने बॅलन्स बिघडणार म्हणून पंख थोडे मागे वळवले, तो तिरका तोरा फोटोत आजही लगेच ओळखू येतो. इंजिन उलटं, सिलिंडर खाली, त्यामुळे समोरचं नीट दिसायचं. ब्रेक नव्हतेच, आणि बोलायला चक्क रबरी नळी, इन्स्ट्रक्टरच्या शिव्या थेट कानात!

पुढे अशी आठ हजारांवर विमानं बनली, आपल्याकडेही पायलट यावरच शिकले, आणि वायुसेनेने दुरुस्त करून घेतलेलं एक तर २०१२च्या वायुसेना दिनाच्या परेडला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडलंही. पुढच्या पुरवणीत निदान अर्धं पान द्या की याला, आणि फोटो जरा मोठा छापा.

– आपला एक नियमित वाचक, ठाणे