दोन्ही तणनाशकं एकाच टाकीत?

संपादक महोदय,

कालच्या कृषी पानावरचा गव्हातल्या तणांविषयीचा लेख वाचला. मजुरी वाचवायचा उपाय मोठा सोपा दिलाय: रुंद पानांच्या तणांचं आणि गवतवर्गीय तणांचं, दोन्ही औषधं एकाच टाकीत कालवा, एका फेरीत मोकळे व्हा. कशात काय कालवायचं हे सांगायला बहुधा जागा उरली नसावी.

गेल्या हंगामात एका विक्रेत्याने मला हाच सल्ला दिला होता. गवतवर्गीय तणांचं क्लोडिनाफॉप आणि रुंद पानांच्या तणांचं टू-फोर-डी एकत्र. रुंद पानांचा चंदनबटवा लगेच वाकडातिकडा होऊन लोळला. रानओटाला, म्हणजे गवतवर्गीय तणाला, मात्र काहीच झालं नाही. क्लोडिनाफॉप लागू पडलं की दोन-तीन आठवड्यांत ओटाची मधली सुरळी पिवळी पडते आणि ओढली तर बुडाशी कुजलेली अलगद हातात येते. मी या बांधापासून त्या बांधापर्यंत सुरळ्या ओढत गेलो. हिरव्यागार, चिवट. पातं मधेच तुटायचं, सुरळी काही निघायची नाही. तक्रार घेऊन गेलो तर म्हणे, "पाणी कमी घेतलं असेल." एकरी दीडशे लिटरच्या वर पाणी होतं आणि नोझलही सपाट पंख्यासारखा फवारा देणारं, फ्लॅट फॅन!

टू-फोर-डीमुळे गवतावरच्या अशा औषधाचा जोर कमी होतो, हे तणशास्त्रात केव्हाच नोंदलेलं आहे. तण दोन-चार पानांवर असताना आधी गवताचं मारायचं, आठवडाभर थांबायचं, मग दुसरं. दोन फेऱ्यांची मजुरी पडते, मान्य. पण ओंबीवर आलेला ओट हाताने उपटायला जी गेली, ती लेखकमहाशय भरून देणार का?

शिवाय 'दरवर्षी हेच वापरा' असंही ठोकून दिलंय. हरियाणात वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकावर विसंबल्यामुळे नव्वदच्या दशकात गुल्ली दंडा हे गवतवर्गीय तण त्याला दाद देईनासं झालं, हे कृषी पान चालवणाऱ्यांना तरी ठाऊक असावं.

आणि तो फोटो! खाली 'रानओट' छापलंय. पानाच्या बुडाशी खोडाला वेढा घालणारे दोन बारीक कान स्वच्छ दिसताहेत. ओटाला ते नसतात, गव्हाला असतात. म्हणजे तण म्हणून तुम्ही आमचं पीकच दाखवलंत. दुरुस्ती छापणार असाल तर मागच्या वेळेसारखी छोट्या जाहिरातींच्या खाली नको.

आपला,
एक गहू उत्पादक