भाच्याला स्टेथो नंतर, आधी एप्रन

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

भाच्याला मेडिकलला ॲडमिशन मिळाली म्हणून नाव कोरलेला स्टेथोस्कोप घेऊ का, हा तुझा मेसेज सकाळीच बघितला, पण सध्या दवाखान्यात व्हायरलवाल्यांची अशी रांग आहे की जेवायला पण उभ्या उभ्याच. आणि ह्या विषयावर व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकून भागणार नाही म्हणून आता निवांत टाइप करत बसलोय. तुझी वहिनी म्हणतेय, एवढं तर तू पेशंटला पण समजावून सांगत नाहीस. असो.

आधी भाच्याचं अभिनंदन! ॲडमिशनच्या तिसऱ्या राउंडपर्यंत जीव टांगणीला लावून शेवटी नांदेडचं गव्हर्न्मेंट कॉलेज मिळालं, ताईने किती देव पाण्यात ठेवले असतील तिलाच ठाऊक. पुण्यातच बी.जे. मिळालं असतं तर, हे पालुपद आता बंद करायला सांग तिला. नांदेडला विष्णुपुरीत मोठं हॉस्पिटल आहे, पेशंट भरपूर, आणि डॉक्टर पेशंट बघूनच तयार होतो. आपल्या वेळी बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या मार्कांवर सगळं ठरायचं, ह्या पोरांनी नीटचा ७२० मार्कांचा तो एकच पेपर आणि त्यानंतरच्या राउंड्सचा छळ सोसलाय, त्यामुळे मामाने काहीतरी भारी द्यायचं ठरवलं ह्यात मला नवल नाही.

पण भारी म्हणजे स्टेथोस्कोप, तो पण नाव कोरलेला, हे मात्र थांबव.

कारण ऐक. पहिल्या वर्षी तीनच विषय. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. आमचं फर्स्ट एमबीबीएस दीड वर्षाचं होतं, १९९७ नंतर ते वर्षावर आणलं, म्हणजे तेवढाच ढीग कमी वेळात उपसायचा. त्यात स्टेथो लागतो फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला, बीपी मोजायला आणि एकमेकांच्या छातीवर लब-डब ऐकायला, आणि तेवढ्यापुरता डिपार्टमेंटचा किंवा सीनियरचा चालून जातो. हल्ली पहिल्या वर्षापासून वॉर्ड दाखवतात हे खरंय पण ते बघण्यापुरतं, रोज गळ्यात अडकवून पोस्टिंगला जाणं दुसऱ्या वर्षी सुरू होतं. तोपर्यंत तुझा भारीतला स्टेथो हॉस्टेलच्या खोलीत पडून राहणार, आणि नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्या नळ्या उष्णतेने आणि मानेच्या घामाच्या तेलकटपणाने कडक होत जातात. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट, ॲडमिशन झाल्यावर प्रत्येक नातेवाइकाला हीच आयडिया सुचते. माझ्या पुतणीला काकाकडून एक, आत्याकडून एक आणि सोसायटीच्या सत्कारात एक असे तीन आले, त्यातला एक अजून आमच्या शोकेसमध्ये आहे.

तरी ताईला फोटोसाठी हवाच असेल तर साधा घेऊन दे, त्याने फोटो तसाच येतो. लेनेकने १८१६ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऐकलं ते कागदाची सुरळी करून, आणि नंतर लाकडाची नळी बनवली, तेव्हा स्टेथोच्या दोन्ही टोकांमध्ये काय आहे ह्यापेक्षा दोन कानांच्या मधे डोक्यात काय आहे ते महत्त्वाचं, हे आमचे एक सर फार मजेत सांगायचे. दुसऱ्या वर्षी खरंच घ्यायची वेळ आली की लिटमन ब्रँडचा क्लासिक घे, त्याच्या वरचा कार्डिऑलॉजीवाला नको, विद्यार्थ्याला त्याचा काही उपयोग नाही. काळा घे, ते इंद्रधनुषी फिनिशवाले नकोत. आणि ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसला तर हात लावू नकोस, डुप्लिकेट फार आहेत, अधिकृत डीलरकडून बिल घेऊन आणि चेस्टपीसवर, म्हणजे छातीला टेकवायच्या चकतीवर, कोरलेला नंबर बघून घे. नाव तेव्हा कोर. वॉर्डात स्टेथोला पाय फुटतात.

तर मग आत्ता काय? एप्रन दे. हसू नकोस रे, खरंच सांगतोय. पुढची साडेपाच वर्षं, म्हणजे साडेचार अधिक इंटर्नशिप, पोरगं ज्या कपड्यात राहणार तो कपडा मिळतो कुठला तर कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवरचा टेरीकॉटचा. इस्त्री मोडत नाही हे खरं, पण घाम शोषत नाही, बाह्या मनगटाच्या वर, आणि खिसे म्हणजे नुसते नावाला. शिवाय बायोकेमिस्ट्रीला टेस्ट ट्यूब बर्नरवर धरून तापवायची असते, आजूबाजूला अठरा वर्षांची धांदरट पोरं, तिथे सिंथेटिक कापडाला ज्योत लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. कॉटन निदान चिकटत तरी नाही.

म्हणून माझं म्हणणं, लक्ष्मी रोडवरून पांढरं कॉटन ड्रिल घेऊ, मध्यम जाडीचं, फार पातळ घेतलं तर आतला शर्ट दिसतो. ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यायचं, नाहीतर दोन धुण्यांत आटून बाही वर. उंची गुडघ्यापर्यंत, बाही फुल. खालचे दोन खिसे एवढे खोल हवेत की हातातली वही उभी बसली पाहिजे, आणि खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दुहेरी टाके, कारण वह्या-पुस्तकं कोंबून कोंबून खिसा उसवतो तो तिथूनच. छातीच्या खिशात पेनाचा वेगळा कप्पा. दोन्ही बाजूंना चीर ठेवायची म्हणजे एप्रन न उघडता पँटच्या खिशातला मोबाइल काढता येतो, ही चीर रेडीमेडमध्ये बहुतेक नसतेच आणि तिची किंमत वापरणाऱ्यालाच कळते. बटणं साधी चार भोकांची. टिच बटणं नकोत, गंजून डाग पडतात. आमच्या दवाखान्याजवळचा शिंपी माझे एप्रन शिवतो, म्हातारा आहे, तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. कापड आणि शिलाई मिळून एक एप्रन हजार-बाराशेला पडेल.

तीन शिवू. त्यातला एक फक्त डीएचचा, म्हणजे डिसेक्शन हॉलचा, आणि त्याच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याने मोठी फुली मारायची म्हणजे धोब्याला, रूममेटला आणि मुख्य म्हणजे ह्या वेंधळ्याला पण कळेल. फॉर्मॅलिनचा, म्हणजे तिथले मृतदेह टिकवायला वापरतात त्या द्रावणाचा, वास तुला माहीत नाही. मूळ फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड, ते पातळ करून वापरतात तरी पहिले काही दिवस डोळ्यांतून घळाघळा पाणी. तो वास कपड्यात मुरतो, नखांच्या कडेला बसतो, मेसमध्ये चपाती तोडताना हाताला येतो आणि गंमत म्हणजे हॉलमधून बाहेर पडलं की भूक अशी लागते की त्याच हाताने पोरं डबल जेवतात. आम्ही ससून हॉस्पिटलबाहेर वडापाव हाणायचो. तो एप्रन बाकीच्या कपड्यांबरोबर कधीही धुवायचा नाही, वेगळी बादली, हे त्याला मी समोर बसवून सांगेन.

त्याच्याबरोबर नायट्राइल ग्लोव्हजचा एक डबा टाक. साधे रबराचे, म्हणजे लॅटेक्सचे, ग्लोव्हज फॉर्मॅलिनपुढे लवकर हार मानतात, नायट्राइल जास्त टिकतात. डिसेक्शन सेट मात्र घेऊ नकोस, कॉलेज आपली यादी देतं आणि एका टेबलावर सगळी पोरं मिळून दोन-तीन सेटवर भागवतात. फार तर एक चांगला दातेरी फोर्सेप्स, म्हणजे चिमटा, आणि एक कात्री मी ससूनजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून आणतो. फोर्सेप्स हलकेच दाबला की दोन्ही टोकं बरोब्बर एकमेकांवर बसली पाहिजेत, जरा जरी तिरकी गेली तर तो परत ठेवायचा. कात्री ओल्या कापसावर चालवून बघायची, कापूस कापायच्या ऐवजी ओढला गेला तर ती पण परत. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

पुस्तकं नको. ती सीनियर देतात, नाहीतर आप्पा बळवंत चौकात सेकंडहँड मिळतात, आणि कुठल्या लेखकाचं वाचायचं हे प्रत्येक कॉलेजात वेगळं. बोन सेट, म्हणजे अभ्यासाला लागणारी माणसाची हाडं, पण सीनियरकडूनच येतो, एकेक सेट किती बॅचेसच्या हातून गेलेला असतो. तुला ऐकून विचित्र वाटेल, पण एकेकाळी आपल्या देशातून माणसांचे सांगाडे जगभरच्या मेडिकल कॉलेजांना जायचे, १९८५ साली सरकारने निर्यात बंद केली. हे ताईला सांगू नकोस, ती आधीच घाबरलेली आहे. तिला हे सांग की हल्ली सुरुवातीलाच मुलांना देहदान केलेल्या माणसाबद्दल आदर ठेवण्याची शपथ देतात, तेवढ्याने तिला बरं वाटेल.

टॅब्लेटचं तू विचारलंस. तो त्याच्या बापाचा प्रश्न, मामाने त्यात पडू नये.

आता एक गोष्ट जी कागदात गुंडाळता येत नाही आणि माझ्या मते सगळ्यात कामाची आहे. हिपॅटायटिस बी. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण ती लागण असलेल्या पेशंटला टोचलेली सुई चुकून स्वतःला लागली तर एचआयव्हीची शक्यता हजारात तीनच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. ह्यावर लस आहे, चांगली आहे, आणि तरी पोरं इंटर्न होईपर्यंत घेत नाहीत. म्हणून त्याला सामान भरायच्या आधी माझ्याकडे पाठव, लहानपणीचं लसीचं कार्ड घेऊन. तिन्ही डोस झाल्याची नोंद असेल तर रक्तातला टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटिबॉडीचं प्रमाण, बघू, १० च्या वर आला तर विषय संपला, खाली आला तर एक डोस देऊन महिन्याने परत बघू. कार्डच सापडलं नाही तर सरळ पहिल्यापासून, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्याने, दंडात. दुसरा डोस दिवाळीच्या सुट्टीच्या अलीकडेपलीकडे येईल, तिसऱ्याची आठवण मी त्याच्या मोबाइलमध्ये टाकून देईन. ह्याचे पैसे तू द्यायचे नाहीस, हे माझ्याकडून.

आणि दिवाळीवरून आठवलं, तिकीट! रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, आणि दिवाळीला मराठवाड्याकडच्या गाड्या बघता बघता वेटिंगला जातात. नवीन पोराला ह्यातलं काही सुचत नाही, तो डीएच आणि मेसच्या चक्रात अडकलेला असतो आणि आदल्या दिवशी आईला फोन करतो की रिझर्व्हेशन नाही मिळालं. तू बंगळुरात बसून एवढं करू शकतोस. कॉलेजच्या सुट्टीच्या तारखा कळल्या की जाण्यायेण्याचं दोन्ही काढून टाक. पहिल्या वर्षी घरी यायचं पक्कं तिकीट हातात असणं म्हणजे काय ते मला माझ्या लातूर-बीडकडच्या रूममेट्सकडे बघून कळायचं, मी तर पुण्याचाच, शनिवारी सायकल मारत घरी.

बाकी किरकोळ म्हणजे मच्छरदाणी, तुळशीबागेत मिळते, पलंगाचं माप कळल्याशिवाय घेऊ नये. क्लिपवाला चार्जिंगचा दिवा, कारण रूममेट झोपला की ट्यूबलाइट बंद. एक दणकट कुलूप. पायाला बंद बूट, सँडल डीएचमध्ये चालत नाही, हे तर ताई घेईलच.

तू दहा हजारांचं म्हणाला होतास, ह्या सगळ्यात ते पूर्ण जाणार नाहीत. उरलेले वेगळे काढून ठेव, दुसऱ्या वर्षाला पास होऊन गेला की तेव्हा स्टेथो, आणि हे त्याला आत्ताच सांगून टाक म्हणजे आत्ता स्टेथो मिळाला नाही तरी तो नाराज व्हायचा नाही.

मला त्याची मापं हवीत. छाती, खांदा, बाही, आणि मानेपासून गुडघ्यापर्यंत उंची. ताईला फोन करून घेऊ नकोस, ती अंदाजाने सांगेल, पोरालाच बुधवारी संध्याकाळी सात नंतर दवाखान्यात पाठव, शिंप्याला तिथेच बोलावतो आणि लसीचं पण उरकून टाकू.

तुझा,
बंड्या

ता.क. तू स्वतःचे बीपीचे आकडे पाठवणार होतास त्याचं काय झालं? नवीन डॉक्टर तयार व्हायला साडेपाच वर्षं आहेत, तोपर्यंत माझंच ऐकावं लागेल.