दुकानातली पाटी, माझा व्हिडिओ आणि दादाचं लग्न

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.,

बाबा परवा म्हणाले की फोनवर तू नुसतं हो-हो करतेस, काय चाललंय ते एकदा नीट लिहून पाठव, म्हणून बसलेय लिहायला. आधी आईचं. इथे बर्मिंगहॅमला जेवण वेळेवर होतं, भाकरी आता फुगते, थंडीचे कपडे आहेत, खोकला गेला, रात्री उशीर झाला तर आम्ही तिघी-चौघी मिळूनच येतो. आजीला सांगा शेंगाचटणी अजून आहे, पुरवून खातेय. रूम, बस, लेक्चर याचं तुम्हाला सगळं पाठ आहे तेव्हा ते परत लिहीत नाही.

आता मामा. मामांनी ग्रुपवर पुन्हा ते इंग्लंडमधल्या दंगलींतले जाळपोळीचे व्हिडिओ टाकलेत आणि खाली लिहिलंय "पोरीला परत बोलवा". अहो ते २०२४ च्या जुलै-ऑगस्टमधले आहेत, तेव्हा मी बार्शीतच होते, आपण सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघितलेत ते. आणि चाकूचं म्हणाल तर हो, इथे काही पोरांमध्ये ते प्रकार होतात, खोटं कशाला सांगू, बातमी आली की आम्हालाही वाईट वाटतं. पण म्हणून हुडी घातलेलं प्रत्येक पोरगं खिशात चाकू घेऊन फिरत नाही. बसच्या वरच्या मजल्यावर शाळा सुटल्यावर ही पोरं चिप्स खात, एकमेकांच्या डोक्यात टपल्या मारत, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून बसलेली असतात, वैताग येतो, नाही असं नाही, पण तो वैताग आपल्या एसटीत कॉलेजची पोरं चढली की येतो तेवढाच आहे.

आणि खरं सांगायचं तर मी इथे शिकतेय ते हेच. काका विचारत होते ना, मीडिया म्हणजे शेवटी शूटिंगच ना, मग त्याला बर्मिंगहॅमला कशाला जायचं. काकांना सांगा की या टर्मला माझा विषय आहे तरुण पोरं पेपरात, सिनेमात, गाण्याच्या व्हिडिओत कशी दाखवली जातात, आणि त्याच विषयावर एक म्युझिक व्हिडिओ स्वतः करून द्यायचाय, सोबत निबंध. बाबांना इतिहास आवडतो म्हणून एवढं लिहिते: १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन नावाच्या समुद्रकाठच्या गावात मॉड्स आणि रॉकर्स म्हणजे स्कूटरवाली आणि मोटरसायकलवाली पोरं जमली, थंडी-पाऊस, करायला काही नाही, त्यात काही हॉटेलवाले त्यांना आत घेईनात, मग थोडी मारामारी झाली, काचा फुटल्या. नुकसान सगळं मिळून पाचशेच्या आसपास पौंड. दुसऱ्या दिवशी पेपरांचे मथळे असे की गाव लुटलं गेलंय. स्टॅनली कोहेन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने यावर १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं की पोरांनी केलं थोडं, छापून आलं खूप, आणि ते छापून आल्यावर पोलीस, कोर्ट, दुकानदार सगळे त्या छापलेल्या पोरांना घाबरून वागायला लागले.

आणि दुसरं तर याच शहरातलं. स्टुअर्ट हॉल म्हणून एक माणूस, १९५१ मध्ये जमैकाहून इंग्लंडला शिकायला आला (बघा, तोही घर सोडूनच आला होता), नंतर बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या एका सेंटरचा प्रमुख झाला. पोरांची फॅशन, गाणी, मासिकं हेही अभ्यासाचं आहे असं त्या सेंटरवाल्यांनी जगाला मानायला लावलं, आणि २००२ मध्ये विद्यापीठाने ते बंदच करून टाकलं, असो. तर १९७२ मध्ये इथल्या हँड्सवर्थ भागात तीन पोरांनी एका माणसाला मारहाण करून लुटलं. गुन्हा खरा होता आणि मार फार वाईट होता. सोळा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांची शिक्षा झाली. हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या एका केसच्या मागे लागून जाडजूड पुस्तक केलं, की एका गुन्ह्यातून सगळ्या काळ्या पोरांची भीती कशी तयार होत गेली. मामांना हे वाचून दाखवा. नको, राहू द्या, ते म्हणतील आमच्यावरच प्रोजेक्ट करतेस का.

बरं आता एक गोष्ट मी तुम्हाला नीट समजावून सांगणारच कारण फोनवर सांगितली तर बाबा म्हणाले काहीतरीच काय. इथे शाळेजवळच्या बऱ्याच छोट्या दुकानांच्या दारावर पाटी असते: एका वेळी दोनच शाळकरी मुलं आत. लॅमिनेट करून लावलेली असते, काही ठिकाणी पुढे असंही असतं की दप्तर बाहेर ठेवा. म्हणजे साडेतीनला शाळा सुटली की दुकानासमोर पोरांची रांग, दारात दप्तरांचा ढीग, आतली दोन बाहेर आली की पुढची दोन आत. आणि पोरं ते करतात! कुणी भांडत नाही, कुणाला त्यात वेगळं वाटत नाही, मी दोन-तीन जणांना विचारलं तर ते म्हणाले हो असतं तसं, त्यात काय. मोठ्या माणसांना अशी पाटी कुठेच नाही. मी तेवीस वर्षांची, सरळ आत जाते, माझ्या मोठ्या बॅगकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मागे उभी असलेली आठवीतली मुलगी, हातात पैसे धरून, बाहेर थांबते. बाबा, तुम्ही आपल्या दुकानात अशी पाटी लावली तर काय होईल विचार करा, मधल्या सुट्टीत. सगळी शाळा काउंटरवर लोंबकळत असते, एक पेन मागतो, एक झेरॉक्स, एक नुसता कंपास उघडून बघतो, आणि तुम्ही एका हाताने सुटे मोजत दुसऱ्या हाताने तो कंपास काढून घेत "ए, घ्यायचाय का" म्हणता. जातच असतील चार-दोन खोडरबर, पण दारात कुणी मोजून घेत नाही. मोठ्या मॉलमध्येपण हाच प्रकार, केंटमधल्या ब्लूवॉटर मॉलने २००५ मध्ये हुडीवरच बंदी घातली होती. आणि त्याच सुमाराला इथे एक यंत्र निघालं, मॉस्किटो नावाचं, ते इतका बारीक किर्र आवाज काढतं की तो साधारण पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू येतो, वय वाढलं की कान ते वरचे आवाज पकडत नाहीत. दुकानाबाहेर पोरं घोळका करून उभी राहू नयेत म्हणून ते भिंतीवर लावायचं. ज्याने लावलं त्याला स्वतःला काही ऐकू येत नाही! मला तर हे वाचून हसावं की काय करावं कळेना.

तर माझा व्हिडिओ या पाटीवर आहे. उलटी पाटी करायची: एका वेळी दोनच मोठी माणसं आत. काउंटरमागे पोरं, बाहेर रांगेत कोट-टायवाले, आज्या, एक पोस्टमन, सगळ्यांच्या ऑफिसच्या बॅगा दारात. गाणं आमच्याच वर्गातल्या मुलीचं आहे, तिचं घराणं जमैकाचं, ती जन्मली इथलीच, शब्द शेवटची बस चुकण्याबद्दल आहेत, दुकानाचं नावसुद्धा नाही गाण्यात. पण आम्हाला सांगितलंच आहे की गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस पाडायचा असं नसतं, चित्राने शब्दाच्या शेजारून चालावं. तिची एकच अट होती, मला रस्त्यावर अंधारात हुडी घालून गाडीपुढे नाचवू नकोस, तसल्यात आमच्या मुलांना सगळे बघूनच बसलेत. मी म्हटलं आणि मला साडी नेसवून सतारीसमोर बसवू नका म्हणजे झालं.

दुकान एका गुजराती काकांचं मिळालं. लहान असताना युगांडातून आलेत, १९७२ मध्ये तिथल्या हुकूमशहाने, इदी अमीनने, आपल्याकडच्या सगळ्या लोकांना हाकललं तेव्हा. त्यांच्या दारावरही पाटी आहे. मला वाटलं होतं नाही म्हणतील, तर ते हसले आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, बेटा, मैं अकेला हूँ काउंटर पे, बीस बच्चे आ गए तो दो आँख से क्या क्या देखूँ, ये भी दिखाना. ते मला निबंधात घालावंच लागणार कारण कोहेन वगैरे वाचून मी दुकानदाराला सरळ व्हिलन करून टाकलं असतं आणि दुकानदार म्हटलं की मला शेवटी बाबाच दिसतात. रविवारी सकाळी दोन तास देणार आहेत, भाडं घेत नाहीयेत, वर चहा पाजतात, आल्याचा.

बाकी तयारी म्हणजे नुसते कागद. स्टोरीबोर्ड, शॉटलिस्ट, प्रत्येकाची सही घेतलेला फॉर्म, आणि एक रिस्क असेसमेंट नावाचा प्रकार ज्यात वायरला अडखळणे, शेल्फ अंगावर पडणे, थंडी वाजणे असं सगळं आधीच लिहून त्यावर उपाय लिहायचे. बाबा, तुमच्या झेरॉक्स मशीनने इथे सोनं केलं असतं. शाळेतली खरी पोरं घ्यायची तर कौन्सिलचं लायसन्स, आईवडिलांची परवानगी, सोबत जबाबदार माणूस, एवढं वेळेत होणार नाही, मग फर्स्ट इयरची अठरा-एकोणीसची पोरं युनिफॉर्म घालून उभी करतेय. आमच्या मॅडम म्हणाल्या, म्हणजे मुलांबद्दलचा व्हिडिओ, मुलं सोडून? बरोबर आहे त्यांचं, पण सिनेमावालेही हेच करतात. रांगेतल्या मोठ्यांसाठी इथल्या दोन मराठी काकू तयार झाल्यात, त्यांचा एकच प्रश्न आहे की पैठणी नेसू का साधी कॉटनची. मी सांगितलं कोट घाला, त्या नाराज आहेत.

एक मजा सांगते, ही दादाला आवडेल. स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर गाणं दुप्पट वेगाने लावायचं आणि तिने त्याच वेगाने ओठ हलवायचे, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो, त्या आपण २५ ने चालवायच्या, म्हणजे ओठ मूळ गाण्यावर बरोब्बर बसतात पण केस, पाऊस, मागून जाणारा माणूस सगळं हळू. परवा इथल्या डिगबेथ भागात कॅनॉलच्या काठावर टेस्ट घेतली. स्पीकरवर तिचा आवाज कार्टूनमधल्या खारीसारखा आणि ती बिचारी चेहरा एकदम दुःखी ठेवून भराभर तोंड हलवतेय, बाजूने कुत्रा घेऊन चाललेले आजोबा थांबले, पूर्ण बघितलं आणि म्हणाले लव्हली. चार वाजताच अंधार पडतो त्यामुळे पटापट आवरावं लागतं. हात गार पडले होते, पण ग्लोव्ह्ज होते आई, होते.

आता कामाचं. दादाच्या लग्नाची तारीख ठरली हे मला वहिनीच्या, म्हणजे होणाऱ्या वहिनीच्या, स्टेटसवरून कळलं, तुम्ही सांगितलं नाहीत ते मला टेन्शन येऊ नये म्हणूनच असणार, कळतं मला. तारीख माझ्या सबमिशनच्याच आठवड्यात येतेय. मी येणार नाही असं म्हणत नाहीये, मॅडमना विचारते, तिकीटही बघतेय, पण धरून चालू नका. आणि व्हिडिओ मी करणार असं मीच दहावीपासून सांगत आले होते, ते माहितीये मला, तुम्ही कुणी बोलत नाही म्हणून मला कळत नाही असं नाही. फोटोवाला आत्ताच बुक करा, सीझनला मिळत नाहीत. त्याला सांगा ड्रोन कमी उडव आणि हळद दळताना बायका काय बोलतात, गातात त्याचा आवाज बंद करून वर सिनेमाचं गाणं लावू नको, सगळं मला कच्चं पाठव, मी इथे बसून जोडते. दादा, एवढं तरी करू दे.

माझ्या स्थळाचं: पुण्याचा तो मुलगा चांगला असेल, मी कुठे नाही म्हणतेय, पण माझा साडीतला फोटो मला न विचारता पाठवलात तो कॉलेजच्या गॅदरिंगचा आहे, त्यात मी नाटकातली सासू आहे. पत्रिका गुरुजींकडून परत घेऊन ठेवा. कोर्स होऊ दे, मग बोलू, खरंच बोलू.

बाबा, लोनचा हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होणार आहे हे बँकेत आपण दोघांनी ऐकलंय, तरी तुम्ही दर महिन्याला व्याज भरताय हे मला दादाने सांगितलं. लग्न तोंडावर आलंय, सध्या थांबवा ते. आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी आहे आणि मी कॅफेत तेवढंच करते, अभ्यास बुडवून नाही, आईला परत परत सांगा. पंधरा हजार पाठवलेत, त्यातले पाच आजीच्या डोळ्याच्या तपासणीचे, बाकीचे आईचे, पाटल्या मोडायचं कुणाच्याही डोक्यात असेल तर आधी मला फोन करायचा. बाबा, पैसे दुकानाच्या खात्यात वळवू नका, व्यापाऱ्याचं बिल गेलं की कळतसुद्धा नाही कुठे गेले. जमा झाले की ग्रुपवर नको, मला वेगळा मेसेज टाका, नाहीतर मामा हिशोब विचारतील.

तुमची,
पिंकी