फलकावरचे तीस दिवस

महोदय,

मणिरत्नम यांच्या १९९५ च्या ‘बॉम्बे’चा विषय निघाला की लोक ए. आर. रहमान यांची गाणी काढतात, नाहीतर दंगलीची दृश्यं. मला आठवतात ते दोन आजोबा. शेखर आणि शैलाबानू गाव सोडून मुंबईत संसार मांडतात, जुळी मुलं होतात. नावं कबीर नारायण आणि कमल बशीर. नातवंडांच्या नावांत दोन्ही आजोबा आहेत, पण घरी कुणीच येत नाही. येतात ते १९९२ च्या डिसेंबरात दंगल उसळल्यावर, पोरं जिवंत आहेत का ते बघायला. आणि जानेवारीच्या आगीत दोघंही जातात.

चित्रपट आला तेव्हा मी मिरजेत नुकतीच परिचारिका म्हणून लागले होते. पुढच्याच वर्षी मी, हिंदू घरातली मुलगी, एका मुसलमान सहकाऱ्याशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरवलं. पडद्यावर लग्न झटक्यात उरकतं. १९५४ च्या या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि ३० दिवस कुणीही हरकत घेऊ शकतो. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता, सगळं त्यात.

बाबांना रविवारी सांगायचं ठरवलं होतं, त्यांचा चहा झाल्यावर. वाक्यं पाठ केली होती. शुक्रवारी आमच्याच गल्लीतलं कुणीतरी दाखल्यासाठी तिथं गेलं आणि संध्याकाळी आमच्या दारात. “तू मला सांगणार नव्हतीस?” एवढंच बाबा म्हणाले. नंतर चार वर्षं बोलले नाहीत. मुलीच्या बारशाला आले, पाळण्याशी उभं राहून रडले. ती चार वर्षं त्या कागदानं नेली, असं मला आजही वाटतं.

जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर ठेवलं. कायद्यातली कलमं मात्र तशीच आहेत. हिंदू विवाह कायद्यानं लग्न करणाऱ्यांना असा फलक नाही. वय तपासा, आधीचं लग्न आहे का तपासा, हवे तर तीस दिवस घ्या. पण मुलीचा पत्ता भिंतीवर लावू नका. आता तर फोटो काढला की पाच मिनिटांत गावभर होतो.

माझ्या वॉर्डातली एक मुलगी पुढच्या महिन्यात नोटीस देणार आहे. तिला म्हटलंय, आदल्या रात्री घरी सांग.

– एक परिचारिका, मिरज
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)