सहलीच्या घाईत चहा ओला राहतो

संपादक महोदय,

कोरियाच्या सहलींच्या जाहिरातींत हल्ली ‘मळ्यात जाऊन स्वतःच्या हातांनी ग्रीन टी बनवा’ असा दीड-दोन तासांचा कार्यक्रम दिसतो. तेवढ्या वेळात पाने खुडून होतात, फोटो काढून होतात; चहा मात्र होत नाही. त्याला अख्खा दिवस लागतो.

आधी ठिकाण. फोटोंतल्या कातरलेल्या हिरव्या ओळी बोसोंगच्या. हाताने भाजलेला चहा शिकायचा तर जिरीसान डोंगराच्या पायथ्याचे हादोंग बरे. इ.स. 828 मध्ये चीनहून आणलेले चहाचे बी राजाज्ञेने जिरीसानवर लावल्याची जुनी नोंद आहे, आणि तिथल्या चहाशेतीला 2017 मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. सोलहून नुसते पोहोचायलाच साडेतीन-चार तास लागतात, म्हणून आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा. हंगामही पाहावा. 20 एप्रिलच्या सुमाराला येणाऱ्या ‘गोगू’ या कोरियन पंचांगातल्या दिवसाआधी खुडलेला तो ‘उजन’, त्यानंतर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा ‘सेजाक’. शिकाऊ हातांना सेजाक सोयीचा. उजनची कोवळी पाने चटकन करपतात.

एक कळी, दोन पाने एवढेच खुडावे, तेही नख न लावता. चिरडलेला देठ तांबूस पडतो. पाने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर आतल्या आत तापतात, त्यामुळे बांबूची टोपलीच हवी. किलोभर चहाला चार ते पाच किलो ओली पाने लागतात. अर्धा किलो खुडलीत तर हाती शंभरेक ग्रॅम येतील, हा हिशेब आधीच मनाशी ठेवावा.

खरी मेख पहिल्या भाजणीत आहे. लोखंडी कढई 250 ते 300 अंशांपर्यंत तापलेली हवी. सुती हातमोजे एकावर एक चढवून पाने तळापासून सतत वर उधळायची. आच कमी पडली किंवा एकदम जास्त पाने टाकली, तर पाने तांबडी करणारा घटक मरत नाही आणि हिरव्या चहाला कच्चट वास राहतो. पावसात भिजलेली पानेही कढई अशीच थंड करतात. मग चटईवर कणकेच्या गोळ्यासारखी तळव्याखाली एकाच दिशेने मळायची. जोर लावलात तर पाने तुटून चहा गढूळ उतरतो. गुठळ्या सोडवायच्या, कढईला चिकटलेला चीक ओल्या फडक्याने पुसायचा (तो जळला की सगळ्या घाण्याला धुराचा वास लागतो) आणि कमी आचेवर पुन्हा भाजायचे. ‘नऊ वेळा’ हा परंपरेचा आकडा. प्रत्यक्षात किती फेऱ्या हे पानाच्या ओलीवर ठरते.

सहलवाले कात्री लावतात ती शेवटच्या वाळवणीला. मंद आचेवर तास-दोन तास, ओल चार-पाच टक्क्यांवर येईपर्यंत ती चालते. देठ वाकवल्यावर कट्कन मोडला पाहिजे. नुसता वाकला, तर तो चहा मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत बुरसायला वेळ लागत नाही. म्हणून आरक्षण करतानाच विचारावे: वाळवणी आमच्यासमोर होणार का, नाहीतर मागाहून वाळवून, हवाबंद करून देणार का? त्या दिवशी अत्तर, सनस्क्रीन लावू नये, पान कुठलाही वास ओढून घेते.

घरी चहा फ्रिजमध्ये ठेवल्यास पाकीट बाहेर काढल्याबरोबर फोडू नये. खोलीच्या तापमानाला आल्यावर कापावे, नाहीतर थंड पानांवर हवेतली वाफ धरते.

– एक वाचक, ठाणे